शाळेत वर्गातली मुलं त्रास देतात, काय करू? मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. पाचवी ते दहावीची मुलं हे प्रश्न मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या दाराशी, कधी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून विचारतात. आईवडील पालकसभा संपून बाकीचे पांगले की हळूच विचारतात. मुलांशी बोलते तशीच उत्तरं लिहिली आहेत. शेवटाकडचे काही प्रश्न पालकांचे आहेत.

आत्ता कोणी मारत असेल, धमकावत असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर बाकीचं नंतर वाच. आधी 1098 वर फोन लाव. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फोनचे पैसे पडत नाहीत आणि मुलं स्वतः फोन करू शकतात.

ते म्हणतात, "मस्करी करत होतो." मस्करी कुठे संपते?

तीन खुणा बघ. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होते आहे का? मुद्दाम होते आहे का? आणि त्यांची बाजू वरचढ आहे का, म्हणजे ते चौघं आणि तू एकटा, किंवा ते दहावीचे आणि तू सहावीतला? नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970 च्या दशकात शाळेतल्या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या याच खुणा आज जगभर धरल्या जातात.

मित्रांमध्येही टोपणनावं असतात, टपल्या असतात, एकमेकांचा डबा पळवणं असतं. पण तिथे पाळी बदलत राहते. आज तुझा डबा, उद्या त्याचा. रोज तुझाच डबा रिकामा होत असेल आणि पुढच्या तासाला तू उपाशी बसत असशील, तर बाकीचे कितीही हसत असले तरी ती मस्करी नाही. "मला हे आवडत नाही, थांबव" असं एकदा स्पष्ट सांगून बघ. मित्र ओशाळतो आणि थांबतो. जो त्यानंतर जास्तच चेकाळतो, त्याच्याबद्दल मनात शंका ठेवायचं कारण उरत नाही.

मलाच का? माझ्यात काही कमी आहे का?

नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, वर्षानुवर्षं वर्ग बघून म्हणते. एका वर्गात जाड मुलाला "ढोल्या" म्हणून छळतात, शेजारच्या तुकडीत तसाच मुलगा कबड्डीचा कप्तान असतो. चष्मा, सावळा रंग, तोतरं बोलणं, गावाकडची बोली, वर्गात पहिला येणं, फोन नसणं, नवा प्रवेश, काहीही निमित्त पुरतं. मोठ्या इंग्रजी शाळांमध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर आलेल्या मुलांना "आरटीईवाला" म्हणून वेगळं पाडलेलंही मी ऐकलं आहे. त्या जागा त्या मुलांचा कायदेशीर हक्क आहेत, कोणाचा उपकार नाही.

म्हणून आपलं नाक, आपला आवाज, आपली चाल बदलायच्या मागे लागू नकोस. आज एक गोष्ट बदललीस तर उद्या ते दुसरी शोधतील. त्यांना हवं असतं ते तुझं रडणं, चिडणं आणि आजूबाजूच्यांचं हसणं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर पुढे लिहिते.

आई म्हणते, लक्ष देऊ नको, आपोआप थांबतील. थांबतात का?

कधीकधी. कोणीतरी पहिल्यांदाच काहीतरी फालतू बोललं असेल आणि तू वही काढून आपल्या कामाला लागलास, तर बरेचदा तिथेच संपतं. पण महिनाभर चाललेला त्रास, मारहाण, पैसे मागणं, टोळीने मागे लागणं, हे दुर्लक्ष करून थांबत नाही. गप्प बसलं की त्यांना वाटतं, हा कोणाला सांगत नाही. आईला सांगताना "चिडवतात" एवढंच म्हणू नकोस. काय केलं ते नेमकं सांग: "काल त्यांनी माझं दप्तर मुतारीत टाकलं." मग आई ते वाक्य पुन्हा म्हणणार नाही.

त्या क्षणी काय बोलायचं? मला तिथे काही सुचतच नाही.

कोणालाच सुचत नाही. म्हणून आधी घोकून ठेवायचं. एकच छोटं वाक्य निवड: "बास. माझं दप्तर ठेव." किंवा "हे मला चालणार नाही." एवढंच म्हणायचं, मान वर ठेवून, आवाज न चढवता, आणि लगेच तिथून निघायचं. निघून जायचं ते कुठे, हेही आधी ठरव: शिक्षकखोली, ग्रंथालय, शिपाईमामा बसतात ती जागा, जिथे मोठं माणूस असतं. उत्तर द्यायला थांबू नकोस. त्यांच्या आईवरून, रंगावरून, गावावरून काही बोलू नकोस. मग सरांसमोर "त्यानेही शिव्या दिल्या" एवढंच ऐकू येतं आणि मूळ गोष्ट मागे पडते.

हे वाक्य घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ. ताई, दादा, आजी, कोणाला तरी समोर उभं करून म्हण. पहिल्यांदा आवाज कापेल. चौथ्या पाचव्या वेळी तो बसतो. मी हा सराव मुलांकडून रिकाम्या वर्गात करून घेते. सगळ्यात बुजरी मुलं यात सगळ्यात जास्त पुढे जातात.

रडू आलं तर? येऊ दे. रडल्याने तुझी बाजू खोटी ठरत नाही. फक्त रडत तिथेच उभा राहू नकोस.

पप्पा म्हणतात, दोन ठेवून दे, परत हात लावणार नाहीत. देऊ का?

पप्पा हे तुझ्या काळजीपोटी म्हणतात. पण वर्गात मी जे बघते ते असं. पहिली टपली पडते तेव्हा शिक्षक फळ्याकडे तोंड करून असतात. दुसरा फटका बसतो तेव्हा आवाज होतो, सगळे वळतात आणि दिसतो तो दुसरा फटका मारणारा. मग महिनाभर सोसलेला मुलगा मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभा राहतो. शिवाय ते एकटे नसतात. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडमागे चौघं गाठतात आणि गोष्ट कंपासपेटीतल्या कर्कटकापर्यंत जाते. त्यातून कोणाचा डोळाही जाऊ शकतो.

स्वतःला वाचवणं मात्र वेगळं, आणि त्याला माझी पूर्ण मुभा आहे. धरलं असेल तर हिसका देऊन सुटायचं, ढकलून वाट काढायची, जिवाच्या आकांताने ओरडायचं, पळायचं. ओरडायची लाज वाटू देऊ नकोस. कराटे, कुस्ती, मल्लखांब जरूर शीक. अंगात बळ आलं की चालण्यात फरक पडतो आणि तो त्यांनाही दिसतो. पण हिशेब चुकता करायला शिकू नकोस.

सरांना सांगितलं तर सगळे चुगलखोर म्हणतील. तरी सांगू?

सांग. कोणी कॉपी केली, कोणी गृहपाठ केला नाही, हे दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगतात. तू सांगतोयस ते कोणाचा तरी छळ थांबावा म्हणून. छळ करणाऱ्यांनाच हवं असतं की "चुगलखोर" या एका शब्दाच्या भीतीने सगळा वर्ग तोंड मिटून बसावा.

आता कसं सांगायचं ते बघू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. तास चालू असताना हात वर करून "सर, हा मला चिडवतो" म्हटलं तर सर म्हणणार, "ए, गप्प बसा रे दोघं." त्यांच्यासमोर साठ मुलं आणि अर्धा राहिलेला धडा असतो. त्याऐवजी तास संपल्यावर किंवा शाळा भरायच्या आधी जा आणि म्हण, "सर, मला दोन मिनिटं बोलायचंय. फक्त तुमच्याशी." एकटं जायला भीती वाटत असेल तर एका मित्राला बरोबर घे. वर्गशिक्षकांशी जमत नसेल तर ज्यांच्याशी जमतं त्यांच्याकडे जा: चित्रकलेच्या बाई, पीटीचे सर, ग्रंथपाल. हे काम एकाच माणसाचं नाही.

आणि बरोबर वही ने. हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे. एका साध्या वहीत रोज घडलं ते तीन चार ओळींत लिहायचं. उदाहरणार्थ:

"मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीजवळ. तिघांनी मला कोपऱ्यात अडवलं. वीस रुपये घेतले. उद्या पन्नास आण म्हणाले. आठवी ब मधला एक मुलगा नळावर बाटली भरत होता, त्याने पाहिलं."

बस, एवढंच. वार, जागा, काय केलं, काय म्हणाले, कोणी पाहिलं. 'ते फार वाईट आहेत' असं काही लिहायचं नाही. अशी आठ दहा दिवसांची पानं समोर ठेवलीस की कोणताही शिक्षक "मुलं अशीच असतात" म्हणून तुला परत पाठवू शकत नाही. पानं वाचताना आणखी एक गोष्ट कळते: त्रास बहुतेक वेळा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी होतो. टाकीजवळ, मागच्या जिन्यात, पीटीच्या तासाआधी. ते कळलं की शाळेला तिथे पहारा ठेवता येतो.

सांगितलं. सरांनी दोघांना वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावले. त्रास वाढला.

शिक्षक म्हणून मला या प्रकाराचं फार वाईट वाटतं. दोन मित्रांच्या भांडणात हात मिळवणं ठीक. पण इथे भांडण नव्हतंच. एकाने छळलं आणि दुसऱ्याने सोसलं. दोघांना सारखं उभं केलं की सोसणाऱ्याला कळतं, आपलं कोणी ऐकलं नाही. आणि छळणाऱ्याला कळतं, काही होत नाही.

सरांकडे परत जा आणि काय हवं ते सांग. मुलं हे करत नाहीत, त्यांना वाटतं मोठ्यांना सगळं कळतं. "सर, त्यांच्याशी वेगळं बोला, माझ्यासमोर नको. मी सांगितलं असं सांगू नका. माझी जागा बदला. आणि पुढच्या सोमवारी मला पुन्हा विचारा." यातली शेवटची मागणी विसरू नकोस. एकदा बोलून छळ क्वचितच थांबतो. शिक्षक दर आठवड्याला विचारतायत हे दिसलं की थांबतो.

तरीही काही झालं नाही तर आईबाबांना सोबत घेऊन लेखी अर्ज द्या, मुख्याध्यापकांच्या नावे. साधा मजकूर पुरतो: "माझा मुलगा इयत्ता सातवी अ मध्ये शिकतो. अमुक तारखेपासून वर्गातील काही विद्यार्थी त्याला मारहाण करतात व पैसे मागतात. दिनांक, ठिकाण व प्रसंग सोबतच्या पानावर दिले आहेत. वर्गशिक्षकांना अमुक तारखेला सांगितले आहे. कृपया चौकशी करून काय कारवाई केली ते लेखी कळवावे." दोन प्रती न्या. एका प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, सही, तारीख घेऊन ती पोच जपून ठेवा. तोंडी बोलणं हवेत विरतं, शिक्क्याचा कागद फाइलला लागतो. शाळेत तक्रारपेटी असेल तर नाव न घालताही चिठ्ठी टाकता येते, पण नाव असलं की चौकशी लवकर होते.

ते मारत नाहीत, चिडवत नाहीत. फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही.

हाही छळच आहे. मी पाहिलेल्यांत मुलींच्या वाट्याला हा जास्त येतो, आणि याची खूण अंगावर दिसत नाही म्हणून मोठ्यांना तो छोटा वाटतो. सकाळी वर्गात शिरलं की बाकावर दप्तर ठेवून "जागा धरलीये" म्हणतात. गटकार्यात कोणी घेत नाही. वाढदिवसाला सगळ्यांना बोलावतात, तुला सोडून. जवळ गेलीस की बोलणं थांबतं. ज्या ग्रुपची म्होरकी सगळ्यांना "तिच्याशी बोललीस तर तुझ्याशी कट्टी" म्हणते, त्या ग्रुपमध्ये परत शिरण्यासाठी धडपडू नकोस. त्यांची वही पूर्ण करून देणं, खाऊ आणणं, माफी मागणं, याने त्यांची पकड घट्ट होते.

त्याऐवजी एक माणूस शोध. दहा मैत्रिणी नकोत, एक पुरते. ती दुसऱ्या तुकडीतली चालेल, स्काउट गाइडमधली, खो-खोच्या संघातली, घराजवळची चालेल. वर्गातही नीट बघ. आणखी एखादी मुलगी डबा घेऊन एकटी बसलेली असते. बाईंना खासगीत सांगून गटकार्याचे गट त्यांनीच पाडावेत अशी विनंती कर. मी माझ्या वर्गात गट कधीच मुलांना निवडू देत नाही, याच कारणासाठी.

इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे फोटो टाकून हसतात.

पहिलं काम स्क्रीनशॉट. नाव, नंबर, तारीख, वेळ दिसेल असा. घाबरून चॅट डिलीट करू नकोस, तोच पुरावा आहे. तिथे उत्तर देऊ नकोस. मग ब्लॉक कर, ॲपमध्येच रिपोर्ट कर आणि त्याच दिवशी घरी दाखव. घरचे फोन काढून घेतील ही भीती सगळ्यांना असते, म्हणून पालकांनाही सांगते: मूल स्वतःहून दाखवायला आलं तर फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते येणार नाही.

फोटोत छेडछाड करून अश्लील केलं असेल, किंवा तसा फोटो पाठव म्हणून धमकावत असतील, तर हे शाळेपुरतं राहत नाही. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. आणि तो फोटो पुढे पाठवणाराही अडकतो, हे वर्गात सगळ्यांना माहीत असू दे.

जातीवरून बोलतात. दादा म्हणतो, सोडून दे.

सोडू नकोस. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला लोकांदेखत जातीवरून अपमानित करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. अपंग व्यक्तीचा लोकांदेखत जाणूनबुजून अपमान करणं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने गुन्हा आहे. करणारा अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तिथे भर त्याला सुधारण्यावर असतो. पण कारवाई होतच नाही असं नाही. आडनाव विचारून बाक बदलणारी मुलं हे घरून शिकून येतात. म्हणून अशा वेळी मुख्याध्यापकांनी त्या मुलाच्या पालकांनाही बोलावलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अर्जात तो शब्द जसाच्या तसा लिहा, गाळू नका.

अंगाला नको तिथे हात लावतात, कपडे ओढतात.

मुलगा असो की मुलगी, हे लगेच, आजच, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला 2012 च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. अशी गोष्ट कळलेल्या माणसाला पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे, शाळेलाही. "शाळेची बदनामी होईल" म्हणून दाबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळांमध्ये सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला हवी. तुमच्या शाळेत त्या समितीत कोण कोण आहे ते विचारून घ्या. तुझी यात काहीही चूक नाही, कपडे कोणते होते आणि तू तिथे का गेलास हे प्रश्नच येत नाहीत.

शिक्षकच टोमणे मारतात, मग मुलं चेकाळतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. "ढ", "काळ्या", "तुझ्या बापाला गुरं राखायला सांग" हे मानसिक त्रासातच येतं. तक्रार थेट मुख्याध्यापकांकडे, लेखी.

मला कोणी त्रास देत नाही. दुसऱ्याला देतात तेव्हा मी बघत असतो. मी काय करू शकतो?

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारण वर्गात छळणारे तीन चार असतात, छळ सोसणारे एक दोन, आणि बाकीचे पन्नासजण बघत असतात. किल्ली त्या पन्नासजणांकडे आहे.

कॅनडात संशोधकांनी शाळांच्या मैदानावर कॅमेरे आणि छोटे मायक्रोफोन लावून मुलांचं वागणं टिपलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की छळाच्या बहुतेक प्रसंगी इतर मुलं तिथे हजर होती, पण पाचातल्या एका प्रसंगीही कोणी मध्ये पडलं नाही. आणि जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंदांत! फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा शालेय कार्यक्रम तयार केला, 2009 पासून तो तिथल्या शाळांत पसरला. त्याचा मोठा भर बघणाऱ्या मुलांवर आहे.

मध्ये पडायचं म्हणजे मारामारी करायची असं नाही. तुला जमेल ते कर. हसू नकोस, हे तर सगळ्यांनाच जमतं. ज्याला छळतायत त्याला हाक मार, "अरे चल, बाईंनी बोलावलंय," आणि घेऊन निघ. दोघं तिघं असाल तर म्हणा, "बास की आता." नंतर त्याच्या शेजारी जाऊन बस, डबा उघड, एवढंच विचार, "ठीक आहेस ना?" आणि सरांना सांगायला त्याच्याबरोबर जा, साक्षीदार म्हणून. आमच्या वर्गात एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन एका नव्या मुलाच्या बाकावर जाऊन बसायचा. बोलायचे फारसे नाहीत. दोघं मिळून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे. चौथ्या दिवशी तिसरा आला. पंधरवड्यात त्या नव्या मुलाला "ए खेडवळ" म्हणणारे थांबले होते, कारण ऐकून हसणारं कोणी उरलं नव्हतं.

आणि मीच त्रास देत असेन तर?

तर हे वाचतोयस याचा मला आनंद आहे. आजच थांब. ज्याला छळलंस त्याच्याकडे एकट्याने जा, मित्रांना न घेता, आणि म्हण, "मी चुकलो. परत करणार नाही." त्याने लगेच मैत्री करावी अशी अपेक्षा ठेवू नकोस. घेतलेले पैसे परत दे. तुला घरी कोणी मारत असेल, तुझाही राग कुठेतरी निघत असेल, तर ते सांगायला तुलाही 1098 आहे आणि आम्ही शिक्षकही आहोत.

पालक: मूल काही सांगत नाही. आम्ही कसं ओळखायचं?

सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी मजेत असतं. डबा तसाच परत येतो किंवा घरी आल्याआल्या वखवखल्यासारखं खातं. कंपास, पेन, पाण्याची बाटली महिन्यात तिसऱ्यांदा हरवते. शाळेत जायचा रस्ता बदलला आहे, व्हॅनने जायला नको म्हणतं. पैसे मागतं किंवा घरातले पैसे कमी होतात. शाळेत लघवीला जात नाही, घरी येऊन धावत जातं. यावर पालकांचं लक्ष सहसा जात नाही, पण स्वच्छतागृहात कोणी नजर ठेवायला नसतं, म्हणून मुलं तिथे जायला घाबरतात.

"शाळेत कोणी त्रास देतं का?" असं समोर बसवून विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं. स्कूटरवर, भाजी निवडताना, अंथरुणात दिवा मालवल्यावर विचारा: "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस?" एवढंच. आणि ते बोलायला लागलं की मधे बोलू नका, "मग तू काय केलंस?" असं तर मुळीच विचारू नका. पहिलं वाक्य असू द्या, "बरं झालं सांगितलंस." आणि पुढचं पाऊल त्याला विचारून टाका. न विचारता दुसऱ्या दिवशी शाळेत धडकलात तर पुढे ते सांगणार नाही.

पालक: त्या मुलाच्या घरी जाऊन जाब विचारू का?

नको. प्रत्येक आईबाप आपल्या लेकराची बाजू घेतात, पाच मिनिटांत दोन घरांचं भांडण होतं आणि सोसायटीतले, गल्लीतले लोक त्यात पडतात. शाळेच्या गेटवर त्या मुलाला धरून दम देणं तर अजिबात नको. तोही लहान मूल आहे आणि मग तक्रार तुमच्यावर होईल. शाळेत, शिक्षकांसमोर, कागदावर.

पालक: शाळेने काहीच केलं नाही तर कुठे जायचं?

महाराष्ट्रात 1999 चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. तो कॉलेजापुरताच आहे असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातल्या व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था आणि तिला जोडलेलं वसतिगृह येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं हेही रॅगिंगच्या व्याख्येत आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि तथ्य दिसलं तर तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. दुर्लक्ष केलं तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. अर्जात या कायद्याचा एका ओळीत उल्लेख करा. बरेचदा तेवढ्याने हालचाल होते.

त्यापुढे: सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांच्यासमोर विषय मांडा. मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. सीबीएसईची शाळा असेल तर बोर्डाने 2015 मध्येच छळ आणि रॅगिंग रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या सूचना शाळांना दिल्या आहेत, ती समिती कोणती ते विचारा. सगळ्यांत वर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. प्रत्येक ठिकाणी आधीच्या पोचेची झेरॉक्स जोडा. निवासी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मूल असेल तर मात्र पायरी पायरीने वाट बघू नका. तिथे रात्रीही तीच मुलं सोबत असतात. स्वतः जाऊन भेटा, एकांतात बोला, गरज वाटली तर घरी आणा आणि मग अर्ज करा.

शाळा बदलावी का?

शाळेने मनापासून प्रयत्न केला तर बहुतेक वेळा गरज पडत नाही. आधी तुकडी बदलून बघा. पण शाळा झाकपाक करत असेल, मूल झोपेत दचकत असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर अट्टहासाने तिथे ठेवू नका. "पळून गेला" असं कोणी म्हणेल, म्हणू दे. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून ती नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना खासगीत सगळं सांगा.

मला आता जगावंसंच वाटत नाही.

हे कोणाला तरी आजच सांग. आई, मावशी, आजोबा, शेजारच्या काकू, मी, कोणीही. "मला मरावंसं वाटतं" हे शब्द जसेच्या तसे वापर, म्हणजे त्यांना कळेल. घरात बोलता येत नसेल तर 1098, किंवा 14416. दुसरी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. अगदी आत्ता काही करून बसशील असं वाटत असेल तर 112 लाव आणि एकटा राहू नकोस, माणसं असतील त्या खोलीत जाऊन बस. आता आहे तो वर्ग, ती मुलं, तो बाक कायमचा नाही. पण ते पटायला वेळ लागतो, आणि तोवर तुझ्याजवळ कोणीतरी असायला हवं. पालकांनी हे वाक्य ऐकलं तर "नाटक करतो" म्हणू नये. त्या रात्री त्याच्याजवळ झोपा, घरातली औषधं आणि फिनेल उचलून ठेवा, सकाळी डॉक्टर गाठा.

त्रास थांबलाय. तरी शाळेत जाताना पोटात गोळा येतो.

येणारच. भीती सहसा त्रासापेक्षा उशिरा जाते. काही दिवस मित्राबरोबर जा, गेटवर भेटायचं ठरवा. वही लिहिणं सुरू ठेव, पण आता त्यात चांगलं झालेलंही लिही: आज कोणी बोललं, आज कुठे हसू आलं. महिना दोन महिने झाले तरी झोप, भूक, अभ्यास ताळ्यावर येत नसेल तर शाळेतल्या समुपदेशकांना किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात भेटायचं. सरकारी रुग्णालयात त्याला फार खर्च येत नाही. आणि सोमवारी सर "कसं चाललंय?" विचारतील तेव्हा "बरं आहे" म्हणून सटकू नकोस, असेल तसं सांग.